गुडघा सरळ धरा

दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवून मोजायची, त्यापुढच्या मुलाची उंची उभं करून. ऐकायला सोपं वाटतं. बीटच्या, म्हणजे एका मुख्यसेविकेच्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांच्या, प्रशिक्षणात अंगणवाडी सेविकांना ते करताना पाहिलं, तेव्हा त्यातली मेहनत कळली.

इन्फंटोमीटर, म्हणजे बाळाची लांबी मोजायची पाटी, सतरंजीवर नाही, सपाट फरशीवर ठेवायचा. बाळाची टोपी, क्लिपा, मोजे काढायचे. एकीनं डोकं स्थिर फळीला टेकवून दोन्ही हातांनी धरायचं, बाळाची नजर सरळ वर. दुसरीनं एका हातानं गुडघे अलगद दाबून पाय सरळ करायचे, दुसऱ्या हातानं सरकती फळी तळव्यांना भिडवायची आणि आकडा मिलिमीटरपर्यंत वाचायचा. दहा महिन्यांची पोर हे निमूट करू देत नाही. ती पाय आखडते, पाठ उचलते, आईकडे झेपावते. पहिल्यांदा ६८.४ आलं. गुडघे नीट धरल्यावर ६९.६.

"बघा ताई, सेंटिमीटरभर पोर कुठं गेली होती?" मुख्यसेविकांनी विचारलं.

हा फरक किरकोळ नाही. लांबी कमी नोंदली की तिच्या मानानं वजन बरं दिसतं, आणि ज्या बाळाला तातडीनं उपचार हवेत ते पोषण ट्रॅकर या नोंदींच्या ॲपवर सुदृढ मुलांत जाऊन बसतं. दंडघेराची पट्टीही अशीच हळवी. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलात ११.५ सेंटिमीटरखालचा घेर म्हणजे तीव्र कुपोषण, पण पट्टी जास्त आवळली तर धडधाकट मूलही तिथं पोचतं.

अंगणवाड्या ज्या योजनेतून आल्या, ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. त्याआधी तीस वर्षं, १९४५ मध्ये, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम उभं केलं आणि बालवाडी पाड्यावरच्या मुलांच्या अंगणात नेली. शिकवणारीनं मुलापर्यंत जायचं, हा त्यांचा आग्रह होता. तोच आग्रह सेविकांना शिकवतानाही धरायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'पोषण भी पढाई भी' या केंद्राच्या कार्यक्रमात सेविकांना तीन दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. तीन दिवसांत पद्धत समजते. हात बसतो तो अंगणवाडीतच, टीएचआरचं (घरी न्यायच्या शिध्याचं) वाटप, गृहभेटी आणि मोबाइलवरच्या नोंदी सांभाळता सांभाळता.

म्हणून मला मोलाची वाटली ती प्रशिक्षणानंतरची भेट. मुख्यसेविका अंगणवाडीत आल्या आणि रजिस्टर मागण्याआधी फरशीवर बसल्या. प्रशिक्षणाला मदतनीस बोलावलेल्या नव्हत्या, आणि इथं दुसरे दोन हात मदतनीसताईंचेच. "लागेल हो लेकराला," म्हणत त्या गुडघ्यावरचा हात सैल सोडत होत्या. मुख्यसेविकांनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला, किती दाब द्यायचा ते तसंच दाखवलं, आणि तेच बाळ पुन्हा मोजून घेतलं. मग सेविकेला डोक्याकडून उठवून पायाकडे बसवलं.

बीटमध्ये पंचवीसेक अंगणवाड्या, वर अहवाल आणि बैठका. असा निवांत तास प्रत्येकीच्या वाट्याला लवकर येत नाही. निघण्याआधी मुख्यसेविकांनी बीटच्या ग्रुपवर निरोप टाकला : पुढच्या मासिक सभेला मदतनिसांनाही घेऊन या, इन्फंटोमीटरसह.