वर्ग इंग्रजीत, रुग्ण चिनी भाषेत

चीनमध्ये सकाळचे आठ वाजतात तेव्हा भारतात साडेपाचच झालेले असतात. घरची मंडळी जागी होण्यापूर्वीच तेथील भारतीय वैद्यकीय विद्यार्थ्याचा दिवस सुरू होतो. वसतिगृहात उकळलेले पाणी बाटलीत भरून घ्यायचे, भोजनगृहात मोबाइलवरूनच पैसे चुकते करायचे. शाकाहाऱ्याची मात्र पंचाईत. भाजीतही मांसाचे तुकडे निघतात.

खरी कसोटी रुग्णालयात लागते. व्याख्याने इंग्रजीत असली, तरी खाटेवरचा रुग्ण आपले दुखणे चिनी भाषेत सांगतो, पुष्कळदा प्रांतीय बोलीत. या भाषेत सूर बदलला की अर्थ पालटतो. ‘माय’ एका सुरात विकत घेणे, दुसऱ्या सुरात विकणे. मराठी कानाला तिसरेच काही आठवते, ते निराळे!

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार ५४ महिन्यांच्या अभ्यासक्रमाशिवाय १२ महिन्यांची आंतरवासिताही त्याच विदेशी संस्थेत पूर्ण करावी लागते. त्यामुळे रुग्णाशी बोलणे टळत नाही. ‘एचएसके’ या भाषापरीक्षेची चौथी पातळी, म्हणजे सुमारे १२०० शब्द, गाठली नाही तर पदवी मिळणार नाही, असे भारतीय दूतावासाने २०२२ मध्ये बजावले होते. प्रवेशाआधी शुल्काची चौकशी सारेच करतात. भाषेच्या वर्गांची फार थोडे.