रुग्णालयाचे सांडपाणी आणि त्यासाठी लागणाऱ्या परवानग्या

नव्या रुग्णकक्षासाठी आवाहन केले तेव्हा अनेक हितचिंतकांनी आम्हांस विचारले : खाटा व यंत्रसामग्रीचा खर्च समजतो; पण सांडपाण्यासाठी एवढा पैसा आणि एवढी कागदपत्रे कशासाठी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देणे विश्वस्त मंडळ आपले कर्तव्य समजते.

आपल्या परिसरात भुयारी गटार नाही. येथून बाहेर पडणारे पाणी येथल्याच जमिनीत मुरते आणि उताराकडील विहिरींना मिळते. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार १०० खाटांपर्यंतच्या रुग्णालयात खाटेमागे दररोज ३४० लिटर पाणी धरले जाते; म्हणजे ५० खाटांना १७,००० लिटर. त्यातील बहुतांश पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. साधी सेप्टिक टाकी जिवाणूंच्या बळावर चालते. फिनेल, ब्लीचिंग पावडर व प्रतिजैविके मिसळलेल्या पाण्यात त्या जिवाणूंचेच कार्य मंदावते. असे अर्धवट शुद्ध झालेले पाणी विहिरीपर्यंत पोहोचले, तर ज्या गावातील कावीळ व विषमज्वराचे रुग्ण आपण बरे करतो, त्याच गावात आपण रोग परत पाठवू.

परवानग्यांचा क्रम

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ अन्वये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोन टप्प्यांत घ्यावी लागते. पहिली, स्थापनेची संमती, बांधकामापूर्वी. पाणी किती लागणार, सांडपाणी किती होणार, त्यावर कोणती प्रक्रिया होणार आणि शुद्ध झालेले पाणी कोठे जाणार, हे अर्जात स्पष्ट करावे लागते. दुसरी, संचालनाची संमती, संयंत्र उभे राहिल्यावर व कक्ष सुरू होण्यापूर्वी. ती ठरावीक मुदतीची असते. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण आवश्यक असते.

याखेरीज जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये प्राधिकारपत्र लागते आणि दरवर्षी ३० जूनपर्यंत वार्षिक अहवाल सादर करावा लागतो. स्थानिक बांधकाम परवानगी वेगळी. एक मिळाली म्हणून दुसरी मिळाली असे होत नाही.

हा क्रम उलटा करणे महागात पडते. प्रयोगशाळेतील संसर्गजन्य द्रव आधी निर्जंतुक करूनच इतर सांडपाण्यात मिसळावयाचा असतो. त्यासाठीची स्वतंत्र नलिका नकाशातच हवी; फरशी बसल्यानंतर ती टाकणे म्हणजे तयार इमारत फोडणे.

शुद्धतेची कसोटी

बाहेर सोडावयाच्या पाण्याची मर्यादा नियमांत ठरलेली आहे : प्रतिलिटर जैवरासायनिक प्राणवायू मागणी ३०, रासायनिक प्राणवायू मागणी २५०, तरंगते घन पदार्थ १०० आणि तेल व ग्रीस १० मिलिग्रॅम, सामू ६.५ ते ९. आणखी एक कसोटी कोणासही समजेल अशी आहे : या पाण्यात सोडलेल्या माशांपैकी ९० टक्के मासे ९६ तासांनंतर जिवंत असले पाहिजेत.

टाकीच्या सफाईसाठी संरक्षक साधनांविना माणूस आत उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून गाळ उपसणारे वाहन टाकीपर्यंत पोहोचेल असा रस्ता आराखड्यातच ठेवला आहे.

संचालनाची संमती हाती येईपर्यंत नवा कक्ष सुरू करावयाचा नाही, असा निर्णय विश्वस्त मंडळाने घेतला आहे. रुग्णांना थांबावे लागते याची आम्हांस जाणीव आहे व खेदही आहे. परंतु जमिनीखालच्या या कामावर कोणाच्या नावाची पाटी लागणार नसली, तरी त्यासाठी दिलेला प्रत्येक रुपया आरोग्यसेवेसाठीच दिलेला आहे, हे देणगीदारांनी कृपया ध्यानी घ्यावे.