आज्ञावली, मुक्त-उद्गम : स्थिर आवृत्ती व दोषनिवेदन

जिचा उद्गम-संकेत कोणासही वाचता, तपासता, बदलता व पुन्हा वितरित करता येतो, अशा संगणकीय आज्ञावलीस मुक्त-उद्गम आज्ञावली किंवा ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणतात. तिची घडण निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक व संस्था करीत असल्याने योग्य आवृत्ती निवडणे आणि आढळलेला दोष (बग) कळविणे, ही कामे पुष्कळ अंशी वापरणाऱ्यावर येतात.

आवृत्त्यांचे प्रकार : १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन या प्रकल्पात ‘अस्थिर’, ‘चाचणी’ व ‘स्थिर’ अशा तीन शाखा आहेत. नवी आज्ञावली प्रथम अस्थिर शाखेत येते. ठराविक काळात गंभीर दोष न आढळल्यास ती चाचणी शाखेत जाते. पुढे या शाखेतील भर थांबवून केवळ दोष दूर केले जातात व सुमारे दोन वर्षांनी तीच स्थिर आवृत्ती म्हणून प्रसिद्ध होते. स्थिर म्हणजे निर्दोष नव्हे. तिचे वर्तन सहसा बदलत नाही व तीत सुरक्षाविषयक आणि गंभीर दुरुस्त्याच केल्या जातात, एवढाच त्याचा अर्थ. पिकाचा नवा वाण शेतकऱ्यांसाठी शिफारस करण्यापूर्वी अनेक ठिकाणी व अनेक हंगामांत पारखला जातो. परभणीच्या कृषी विद्यापीठात (स्थापना १९७२) परिचित असलेल्या या पद्धतीशी वरील क्रमाचे साम्य आहे.

आवृत्तिक्रमांकावरूनही बोध होतो. तीन भागांच्या प्रचलित पद्धतीत पहिला अंक मोठा, जुन्याशी न जुळणारा बदल, दुसरा नवी सोय व तिसरा केवळ दोषदुरुस्ती दर्शवितो. उबुंटू प्रणालीत २४.०४ हा क्रमांक एप्रिल २०२४ सुचवितो. तिच्या दर दोन वर्षांनी निघणाऱ्या दीर्घ-आधार आवृत्तीस पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात.

निवड : २००० मध्ये न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालयात प्रथम वापरात आलेली कोहा ही ग्रंथालय-आज्ञावली भारतातही रूढ आहे. तिची मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मे व नोव्हेंबरमध्ये, निघते. सेलू किंवा गंगाखेड यांसारख्या गावातील महाविद्यालयीन ग्रंथालयात तंत्रज्ञ हाताशी असतोच असे नाही आणि ग्रंथांच्या सर्व नोंदी एकाच संगणकावर असू शकतात. अशा ठिकाणी नवी आवृत्ती निघताच न घेता तिच्या काही दोषदुरुस्त्या होऊ द्याव्यात. आधाराची मुदत पाहावी, आवृत्तीसोबतची टिपणे वाचावीत, नोंदींची प्रत दुसऱ्या साधनावर ठेवावी, ती प्रत परत उघडते याची खात्री करावी व नवी आवृत्ती प्रथम वेगळ्या संगणकावर चालवून पाहावी. मात्र मुदत संपलेली आवृत्ती वापरत राहणे धोक्याचे असते, कारण तीतील नव्याने उघड झालेली सुरक्षा-छिद्रे बुजविली जात नाहीत.

दोषनिवेदन : प्रथम तोच दोष पूर्वी नोंदला गेला आहे का व पुढील आवृत्तीत दुरुस्त झाला आहे का, हे पाहावे. एका निवेदनात एकच दोष असावा. आज्ञावली व संगणक-प्रणाली यांचे आवृत्तिक्रमांक, दोष पुन्हा घडविण्याच्या क्रमवार पायऱ्या, अपेक्षित परिणाम, प्रत्यक्ष परिणाम आणि त्रुटिसंदेशाचा जसाच्या तसा मजकूर द्यावा. ‘चालत नाही’ एवढ्या तक्रारीवरून दुरुस्ती करता येत नाही. दोष घडविता आला, तरच त्याचे कारण शोधता येते. वाचकांची नावे, दूरध्वनी क्रमांक इ. खाजगी माहिती निवेदनातून वगळावी. सुरक्षेचा दोष जाहीरपणे न मांडता प्रकल्पाच्या सुरक्षा-गटास कळवावा. वितरणातून घेतलेल्या जुन्या आवृत्तीतील दोष प्रथम त्या वितरणाकडे नोंदविणे इष्ट असते.

मराठीच्या वापरात या निवेदनांस विशेष महत्त्व आहे. ‘दर्या’ (समुद्र) व ‘दऱ्या’ (डोंगरांतील) हे शब्द भिन्न आहेत. दुसऱ्यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ व हलन्तचिन्ह यांनी, किंवा ‘र’, हलन्तचिन्ह व अदृश्य जोडचिन्ह यांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. परंतु शोधयंत्रणेने त्यांची सांगड घातली नसेल, तर एका प्रकारे नोंदलेला ग्रंथ दुसऱ्या प्रकारे शोधल्यास सापडत नाही. ग्रंथ कपाटात असूनही वाचक परत जातो. मराठी न वाचणाऱ्या आज्ञावलीकारास हा दोष सहसा दिसत नाही. तो मराठी वापरणाऱ्यानेच, दोन्ही अक्षरक्रम उदाहरणादाखल देऊन, कळवावा लागतो. एकदा झालेली दुरुस्ती मूळ प्रकल्पात समाविष्ट झाली, की पुढील आवृत्तीतून ती सर्वांस मिळते.