टेबल माणसाच्या मापाचे हवे

फावड्याला दांडा बसवताना शेतकरी तो आधी आपल्या उंचीशी ताडून पाहतो. आखूड दांड्याने दिवसभर काम केले तर कंबर धरते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण त्याच घरातील मुलगा संगणकावर आठ-आठ तास बसतो, सून शिवणयंत्रावर कपडे शिवते, आणि त्यांच्या टेबल-खुर्चीची उंची मात्र कोणीच मोजलेली नसते. २०२० च्या टाळेबंदीपासून पुष्कळ घरांत नोकरीचे काम घरूनच चालू झाले. ते कोणी पलंगावर बसून करतो, कोणी जेवणाच्या टेबलावर. अशा घरात एकाची कंबर धरली की कमाई अडते आणि मुलांची फीसुद्धा खोळंबते.

हे दुखणे आजचे नव्हे. इटलीतील मोडेना येथे १७०० साली बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने निरनिराळ्या कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. लेखनिकांच्या दुखण्याची त्याने तीन कारणे दिली: सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल आणि मनावरील ताण. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती.

बसल्याने कंबर का दुखावी? पाठीच्या दोन मणक्यांमध्ये एक मऊ चकती असते. पुढे वाकून बसले की उभे राहण्यापेक्षा तिच्यावर अधिक दाब पडतो. पाठ टेकून बसले की तो उतरतो. शिवाय एकाच स्थितीत राहिलेले स्नायू थकतात आणि ताठरतात.

यावर महागडी खुर्चीच हवी असे नाही. शिवणाची टेप घ्यावी आणि पायांपासून सुरुवात करून वर जावे.

प्रथम पाय. तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि मांड्या साधारण आडव्या राहिल्या पाहिजेत. बैठकीची कड आणि गुडघ्यामागची खळी यांत दोन-तीन बोटांचे अंतर असावे. कमरेच्या खोलगट भागामागे टॉवेलची गुंडाळी ठेवावी.

मग कोपर. खांदे सैल सोडून हात कोपरात काटकोनात वाकवावेत. टेबलाचा पृष्ठभाग त्याच उंचीवर किंवा किंचित खाली हवा. बाजारातील टेबल बहुधा ७५ सेंटिमीटर, म्हणजे ३० इंच उंच असते. बुटक्या माणसाला ते उंच पडते आणि खांदे वर ओढले जातात. टेबलाचे पाय कापता येत नसतील तर बैठकीवर घडी केलेली घट्ट गोधडी घालावी. मग पाय लोंबकळू लागतील, त्यांच्याखाली पाट द्यावा.

शेवटी डोळे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी आणि पडदा हातभर दूर असावा. दुहेरी भिंगाचा चष्मा असल्यास पडदा आणखी खाली घ्यावा, नाहीतर मान मागे टाकावी लागते. लॅपटॉपची अडचण अशी की पडदा आणि कळफलक एकत्र जोडलेले. एक सोयीचा केला की दुसरा गैरसोयीचा होतो. म्हणून तो जाड पुस्तकांवर चढवावा आणि कळफलक वेगळा घ्यावा.

शिवणयंत्रावर मान वाकते ती बहुतेक वेळा टाका नीट दिसत नाही म्हणून. सुईवर स्वच्छ उजेड पाडावा, स्टूल यंत्राजवळ ओढावे, आणि शिवायचे कापड डाव्या-उजव्या हाताशी ठेवावे, म्हणजे वारंवार पिळवटून वळावे लागत नाही.

एवढे सगळे केले तरी एक गोष्ट उरते. कितीही चांगल्या रीतीने बसले तरी तासन्‌तास बसणे वाईटच. अर्ध्या तासाने उठावे, पाणी प्यावे, अंगणात चार पावले टाकावीत. फोन आला तर उभ्याने बोलावे. रोज चालणे किंवा व्यायाम असेल तर कंबर पुन्हा पुन्हा धरण्याचा धोका कमी होतो.

कंबर धरलीच तर आठवडाभर अंथरुणाला खिळून राहू नये. पूर्वी तसा सल्ला देत. आता डॉक्टर सोसेल तेवढे हिंडते-फिरते राहावयास सांगतात. साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत ओसरते. मात्र पायातील जोर कमी होणे, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. तेथे तासांचा उशीरही महागात पडतो. दुखण्याबरोबर ताप असेल, वजन कारणाशिवाय घटत असेल किंवा पडल्यानंतर दुखू लागले असेल, तरीही डॉक्टरांना लवकर दाखवावे.

एकाच टेबलावर घरातील दोघे बसत असतील तर दोघांची मापे वेगळी घ्यावीत. वडिलांना नेमकी बसणारी खुर्ची दहावीतल्या मुलीला बसेलच असे नाही. तिच्या पायांखालचा पाट तिने रोज आठवणीने ओढून घ्यावा.