साठीचा जिना

नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांचे जिने चढून धुणीभांडी करणाऱ्या बायकांविषयी आम्ही नेहमी ऐकतो : ‘त्यांना सवयच असते.’ देहाचा हिशेब मात्र निराळा आहे.

स्वस्थ पडून राहिले तरी श्वास, रक्ताभिसरण आणि देहाची ऊब यांसाठी शक्ती खर्चतेच. सहा हजारांवर माणसांच्या मोजणीवरून २०२१ साली दिसले, की देहातल्या चरबीविरहित वजनाच्या मानाने स्त्रीपुरुषांचा हा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळजवळ स्थिर असतो. पुढे तो वर्षाला सुमारे ०.७ टक्क्याने घटतो.

मग पन्नाशीतच दम का लागतो? कारण हृदयाची व स्नायूंची कमाल ताकद कितीतरी आधी उतरू लागते. जिना तोच, बादली तीच. पण तरुणीच्या निम्म्या ताकदीत होणाऱ्या कामाला साठीच्या बाईची पाऊण ताकद लागू शकते. उतारवयात तेवढेच अंतर चालायलाही शक्ती अधिक लागते.

पुण्याच्या मोलकरणींनी १९८० साली संप केला. राज्याचा घरेलू कामगार कायदा २००८ साली आला. त्यात नोंदणीची मर्यादा १८ ते ६० वर्षे ठेवली गेली. साठीला नोंदणी थांबते, जिना थांबत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, भरपगारी रजा आणि निवृत्तिवेतन ही दया नव्हे. झिजलेल्या देहाची ती थकबाकी आहे.