संकष्टी आणि शून्य गुण

गतवर्षी आमच्या वृद्ध मातोश्रींना स्मृतिपरीक्षेसाठी शहरातील एका रुग्णालयात नेण्याचा प्रसंग आला. तरुण संशोधिकेने तेलुगूत तारीख विचारली. मातोश्री म्हणाल्या, "आज संकष्टी." ती शून्य मांडणार, तोच तिच्या ज्येष्ठ मार्गदर्शिकेने तिला थांबवून भिंतीवरील पंचांग दाखविले. चतुर्थीच होती! (उपवास आम्हांसही होता, आम्ही न्याहारी करून आलो होतो.)

नवोदित अभ्यासकास मेंदूची चित्रे वाचता येतात. माणसाला त्याच्या भाषेत विचारणे मात्र असे कुणी हात धरून शिकवावे लागते.

वाचकहो, याच हैदराबादेत निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. २०१३ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसला, निरक्षरांतही. घरी मराठी, बाजारात दखनी-तेलुगू बोलणाऱ्या आम्हांस हे सुखावणारेच. परंतु भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीसंचाच्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम या पाच भाषांत मराठी नव्हती.

पुढील रविवारी ती मुलगी वही घेऊन आमच्या घरी आली. मातोश्री तिला प्राण्यांची मराठी नावे सांगू लागल्या: मांजर, मुंगूस, तरस... तेथे त्या अडखळल्या. जरा थांबून तिनेच हळूच म्हटले, "मांजर?"