चकतीवरचं ऊन

नशिराबादजवळून जाणाऱ्या जळगाव-भुसावळ महामार्गावरच्या कुठल्याही दुकानात मान वर केली की सीसीटीव्ही दिसतो. तो जे पाहतो ते गल्ल्याखालच्या डीव्हीआरमध्ये, हार्ड डिस्कवर साठतं. मे महिन्यात खान्देशात पारा 45 अंशांवर जातो, त्या बंद डब्यात आणखी चढतो. डिस्कची सर्वसाधारण मर्यादा 60 अंशांची, त्यामुळे ती तगते. पण उष्णतेशी तिचं खरं वैर वेगळंच आहे.

बऱ्याच साडेतीन इंची डिस्कमध्ये चकती मिनिटाला 7,200 फेरे घेते. तिची कड ताशी सव्वाशे किलोमीटरहून जास्त वेगाने धावते. वाचणारं-लिहिणारं हेड तिच्यावर 5 नॅनोमीटरहूनही कमी उंचीवर तरंगतं. नशिराबादला सिमेंटचा कारखाना आहे, तेव्हा त्याच मापात सांगायचं तर सिमेंटचा 10 मायक्रॉनचा कण या फटीच्या 2,000 पट जाड. डिस्क उघडून 'जरा साफ करून देतो' म्हणणाऱ्याला हात जोडावेत.

1956 साली आयबीएमने आजच्या डिस्कचा पूर्वज, रॅमॅक, आणला: दोन फूट व्यासाच्या 50 चकत्या, टनभर वजन, साठवण जेमतेम 5 मेगाबाइट. साठवण वाढवायची पुढची मुख्य वाट एकच, ज्यांच्या चुंबकीय दिशेत नोंद राहते ते चकतीवरचे कण बारीक करत जाणं. कण 8 नॅनोमीटरच्या आसपास आले आणि गाडं अडलं. कणाची दिशा टिकवणारी ऊर्जा त्याच्या आकारमानावर आणि पदार्थावर ठरते, आणि उष्णतेची थरथर ती दिशा उलटवू पाहते. नोंद दहा वर्षं टिकायची तर ही ऊर्जा थरथरीच्या साधारण 60 पट हवी. कण तिन्ही बाजूंनी निम्मा केला की 60 चे साडेसात उरतात. मग नोंद सेकंदाच्या लाखाव्या भागातच विस्कटते. डिस्क महाबळेश्वरला नेऊनही फारसं साधत नाही. निरपेक्ष तापमानात मोजलं तर तिथली 10 अंशांची पहाट आपल्या मे महिन्यातल्या दुपारहून फक्त 11 टक्क्यांनी थंड.

मग लोह-प्लॅटिनमसारखा हट्टी पदार्थ घ्यावा, तर त्याची दिशा हेडलाही बदलवत नाही. हेडच्या लोह-कोबाल्टची ताकद 2.4 टेस्लाच्या आसपास संपते. शेवटी काट्याने काटा काढला. हेडवर बारीक लेसर बसवला. लिहिताना तेवढा ठिपका 400 अंशांच्या वर तापतो, कण नरमतो, त्याची दिशा ठरते आणि नॅनोसेकंदाच्या हिशेबात तो गार होतो. अशा 30 टेराबाइटच्या डिस्क सीगेटने जानेवारी 2024 मध्ये जाहीर केल्या.

त्या मोठ्या डेटा सेंटरसाठी. गल्ल्याखाली जुन्या जातीची डिस्कच पुरते: ती भरली की डीव्हीआर सगळ्यात जुनं चित्रण पुसून त्यावर नवं चढवतो. दहा वर्षांची हमी तिथे मागतोय कोण?